आईला समुद्रात पाय बुडवायचेत: मुंबईहून एका दिवसात कुठे जावं?

खिडकीजवळ
माझी आई यवतमाळची, वय ७२. बाबा गेल्यानंतर ती आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आली. परवा बातम्यांत भरतीच्या लाटा दाखवत होते. त्या बघता बघता म्हणाली, "मी अजून समुद्राच्या पाण्यात पाय नाई टाकला." मला एकदम चटका लागला. गेटवे आणि मरीन ड्राइव्ह आम्ही तिला दाखवलं, पण ते कठड्याच्या वरून. जुहूला एका रविवारी गेलो तर पाण्याच्या कडेला इतका कचरा होता की तिने चपलाच काढल्या नाहीत.

तर सकाळी निघून रात्री घरी परत, अशी जागा सुचवा. आमच्याकडे गाडी नाही. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा किलोमीटर चालते, पण जिना चढायला त्रास होतो. सोबत दोन मुलं, ९ आणि ५ वर्षांची. आई पूर्ण शाकाहारी आहे. आणि आम्हाला फक्त रविवारच मिळतो.

कुलाबकर
अलिबाग! दुसरा विचारच करू नका. गेटवेहून कॅटामरान, तासाभरात मांडवा, तिथून बोटीच्या तिकिटातच अलिबागपर्यंत बस. ओहोटी असली तर कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, चहूबाजूंनी खारं पाणी असून गोड्या पाण्याची विहीर आहे. आईंना फार आवडेल.

ठाणेकरीण
कुलाबकर, गुडघ्याचं वाचलंत ना? गेटवेच्या पायऱ्या ओल्या असतात, बोट वरखाली हलत असते आणि त्यातून आत पाय टाकायचा. माझ्या सासूबाईंना दोघांनी धरून उतरवावं लागलं होतं. परतीच्या वेळी त्या इतक्या घाबरल्या होत्या की दिवसभराची मजा गेली.

अलिबागलाच जायचं असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो घ्या. मार्च २०२० पासून सुरू आहे. गाड्या चढतात त्या उतारावरून चालतच आत जाता येतं, बसायला ऐसपैस जागा आणि बोट मोठी असल्याने हेलकावे कमी. डोंबिवलीहून सँडहर्स्ट रोडला उतरून टॅक्सी करा. मांडव्याहून पुढे रिक्षा ठरवावी लागेल, एवढंच.

सुरूबन
मी केळव्याच्या बाजूने बोलणार. पालघरच्या अलीकडचं केळवे रोड स्टेशन. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते, तीच पकडायची. स्टेशनबाहेरून रिक्षा थेट किनाऱ्यावर. बोट नाही, घाट नाही, गाडी लागायची भीती नाही. किनाऱ्याला लागून सुरूचं बन आहे, म्हणजे दुपारी बाराला सुद्धा आईंना सावली. शीतलादेवीचं देऊळही जवळच. आणि किनारा उथळ, वाळू सपाट.

दादरहून थेट डहाणू लोकल मिळाली तर विरारला बदलावं लागत नाही. अशा गाड्या मोजक्या आहेत, वेळ आधी बघून ठेवा. रविवारचा मेगाब्लॉकही बघा.

आळशी_अजगर
+१ केळवे.

शनिवारवाडेकर
आम्ही पुण्याहून एका दिवसात काशीद करून आलो आहोत. पहाटे चारला निघालो, रात्री एकला घरी. समुद्रात मोजून दीड तास. कुणाला सुचवणार नाही. मुंबईकरांचं नशीब मोठं आहे, त्यांनी ते वापरावं.

मीरामार
पणजीहून हा धागा वाचतेय. आमच्याकडे संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर पाय बुडवून घरी जातात, त्यामुळे यवतमाळच्या आईंचं वाक्य वाचून गलबलून आलं. नक्की घेऊन जा त्यांना. आणि सोबत एक हलकी प्लास्टिकची खुर्ची न्या किंवा तिथे भाड्याने घ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाळूत बसता येतं, पण उठता येत नाही.

दर्यावर्दी
मंडळी, सगळे जागा सांगताय, पाण्याचं कुणीच बोलत नाहीये. आधी भरती-ओहोटी बघा, जागा मग ठरवा.

मी कोळीवाड्यातला. आमच्याकडे लहानपणीच शिकवतात: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. दिवसाही तीन आणि रात्रीही तीन. त्यापासून सहा तास पुढे-मागे ओहोटी, म्हणजे नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं.

आता विचार करा. केळव्यासारख्या सपाट किनाऱ्यावर अष्टमीला दुपारी बाराला गेलात तर पाणी कुठच्या कुठे गेलेलं असेल. आईंना ओल्या, चिकट वाळूतून लांबवर चालावं लागेल. याउलट भरतीला पाणी स्वतः सुरूच्या जवळ येतं.

गणिती_काका
दर्यावर्दी, उत्तम माहिती. एक भर घालतो. चंद्राच्या एका फेऱ्यात ३० तिथी असतात आणि तेवढ्यात भरतीची वेळ २४ तास सरकून पुन्हा मूळ जागी येते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊणपट केली की ४५ धरली जातात, म्हणून पंधराव्या तिथीपर्यंत पाऊण तासाचा फरक साठतो. पाऊणपटीने पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते, ४८ मिनिटांनी बरोबर बाराला. वडीलधाऱ्यांनी पाऊणपट घेतली कारण ती तोंडी करता येते, आणि होडी ढकलायला तेवढी अचूकता पुरते. मला हा हिशोब फार सुंदर वाटतो.

कुलाबकर
मग कुलाबा किल्ल्यासाठी अष्टमी उत्तम की! दुपारी बाराला ओहोटी, मुंबईहून आरामात पोचता येतं.

दर्यावर्दी
तिथेच लोक फसतात, कुलाबकर. अष्टमीला भांग असतो. भांगाच्या दिवसांत भरती फार चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही. बाराला गेलात तरी वाटेवर पाणी राहू शकतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि उतरतंही खूप, पण ती ओहोटी येते सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. म्हणून किल्ल्यात चालत जायचं तर तृतीया-चतुर्थीची सकाळ किंवा द्वादशी-त्रयोदशीची दुपार धरावी. आणि आत गेलात की घड्याळाकडे लक्ष ठेवा, वाट पुन्हा पाण्याखाली जायच्या आत बाहेर या.

कुलाबकर
बापरे. इतकी वर्षं अलिबागला जातोय, कधी वाट कोरडी तर कधी मांडीभर पाणी, कारण आज कळलं. आम्ही टांग्यात बसून मोकळे व्हायचो.

खिडकीजवळ
किती भरभरून लिहिताय सगळे! दर्यावर्दी, मग आमच्यासाठी कोणती तिथी? भरती दुपारी बाराला हवी असेल तर पौर्णिमा, पण ते उधाण. मुलं सोबत आहेत, भीती वाटते.

दर्यावर्दी
षष्ठी. सहा पाऊणे साडेचार. भरती दुपारी साडेचारला, ओहोटी सकाळी साडेदहाला. उधाण ओसरून पाणी भांगाकडे चाललेलं असतं, त्यामुळे जोर कमी. साडेदहाला पोचलात तर पाणी लांब, मुलांना खेळायला भरपूर वाळू. जेवा, सुरूत आईंना आडवं होऊ द्या. तीननंतर पाणी हळूहळू तुमच्याकडे येईल. ऊन उतरलेलं असेल. खुर्ची टाकून बसलं की पाणी पायापर्यंत येतं.

आणि चढत्या पाण्यात खेळावं, उतरत्या पाण्यात नको. भरती फिरली की पाणी माणसाला आत ओढतं. साडेचारनंतर मुलांना बाहेर काढा.

ठाणेकरीण
या शेवटच्या ओळीला दहा वेळा अनुमोदन. २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. तेव्हापासून किनाऱ्यावर गेले की मी मुलांवरची नजर हलवत नाही. आपल्याकडे सहल ठरवताना हॉटेल, तिकीट, जेवण सगळं बघतात, पाणी चढतंय की उतरतंय हे कुणी बघत नाही.

वसईवाला
आणखी एक खूण सांगतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधेच एक पट्टा शांत दिसतो. लोकांना वाटतं इथे पोहायला बरं. तोच धोक्याचा. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्या पट्ट्यातून परत समुद्रात जात असतं. त्यात सापडलात तर समोर किनाऱ्याकडे पोहत दम घालवायचा नाही, किनाऱ्याला समांतर सरकत बाजूला यायचं आणि मग लाटांबरोबर बाहेर.

आमच्या बाजूचं कुणी बोललं नाही म्हणून: सुरुची बाग, भुईगाव, राजोडी, कळंब, अर्नाळा, सगळं वसई-विरारपासून रिक्षा-बसच्या अंतरावर. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे, छोट्या होडीने जावं लागतं. आईंना ती होडी नको. पण वसईला उतरलात तर सुकेळी घ्या. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात आणि सुकलेल्या पानात बांधतात. मुलांना चॉकलेटपेक्षा आवडतात.

पोपटी
विषय निघालाच आहे म्हणून, जानेवारीत अलिबागकडे कुणी गेलात तर पोपटी खाल्ल्याशिवाय येऊ नका. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. पाणी एक थेंब नाही. भांबुर्डीचा वास शेंगेत आतपर्यंत उतरतो. नुसत्या शेंगा-बटाट्याची शाकाहारी पोपटीही करतात, यवतमाळच्या आजींना चालेल.

गणिती_काका
आणि पांढरा कांदा! कार्ले, खंडाळे, नेहुलीचा. उन्हाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेला माळा टांगलेल्या दिसतात. २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही.

माझं अलिबागवरचं प्रेम मात्र वेगळ्या कारणाने आहे. किनाऱ्याजवळच चुंबकीय वेधशाळा आहे. पूर्वी पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी मुंबईत कुलाब्याला होत असे. मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार असं ठरलं, त्या विजेने मोजणीत गडबड झाली असती, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा सुरू केली. मुंबईच्या इतक्या जवळ आणि तरी मुंबईच्या गोंगाटाबाहेर. आपणही तिथे त्याच कारणासाठी जातो ना?

कार्लेखिंड
मी अलिबागचा. धाग्यावर आमच्या गावाबद्दल इतकं प्रेमाने लिहिलेलं वाचून बरं वाटलं. एरवी मुंबईत कुणी "अलिबागसे आया है क्या" म्हटलं की जीव जळतो. २०१९ मध्ये त्या वाक्यावर बंदी घाला म्हणून उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती. न्यायालयाने ती फेटाळली, पण म्हणून आम्हाला लागायचं थांबत नाही.

एक कळकळीची विनंती: गाडी वाळूत उतरवू नका. गेल्या हिवाळ्यात एका कुटुंबाची गाडी ओल्या वाळूत रुतली. चाक जितकं फिरवावं तितकं खाली. भरती चढत होती. पाणी दाराला लागलं तेव्हा त्या बाई मुलाला कडेवर घेऊन नुसत्या उभ्या होत्या. आम्ही दहा-बारा जणांनी फळ्या घातल्या आणि शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. त्याच वाळूत खेकड्यांची बिळं असतात, लहान मुलं खेळत असतात. चार पावलं चाला की.

शनिवारवाडेकर
गाड्यांवरून आठवलं, अटल सेतूने फरक पडला का अलिबागला जायला?

कार्लेखिंड
जानेवारी २०२४ ला सुरू झाला तेव्हापासून मुंबईतून बाहेर पडणं सोपं झालं, शिवडीहून २१.८ किलोमीटरचा पूल. पण पुढे वडखळ आणि पोयनाड आहेच. सुट्टीच्या दिवशी तिथली कोंडी सेतूवर वाचवलेला वेळ खाऊन टाकते. म्हणून मी पाहुण्यांना अजूनही बोटीनेच यायला सांगतो.

ठाणेकरीण
एक विषय राहिला आणि तो बायकांनाच कळेल. स्वच्छतागृह. ओल्या साडीत, खारट अंगाने दोन तास लोकलमध्ये बसणं काय असतं! मागच्या वेळी एका किनाऱ्यावर कपडे बदलायला एकच खोली होती. आतून कडी नव्हती आणि ओल्या फरशीवर टाचा बुडतील इतकं पाणी. आम्ही तिघी एकमेकींसाठी बाहेर ओढणी धरून उभ्या राहिलो. माणशी पैसेही घेतले. समुद्रावर यायचा हक्क बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांनाही आहे, मग कडी लावायला किती खर्च येतो?

खिडकीजवळ, माझा सल्ला: जेवण जिथे घ्याल त्या घरगुती खानावळीत आधीच फोन करून विचारा, की दोन तास खोली मिळेल का. थोडे जास्त पैसे लागतील. आईंना पडायला, हातपाय धुवायला आणि साडी बदलायला जागा होईल.

मीरामार
+१००. हा प्रतिसाद धाग्यात सगळ्यात वर असायला हवा.

आळशी_अजगर
गोराई-मनोरी कुणीच नाही म्हणत? मार्व्याहून पाच-दहा मिनिटांची फेरीबोट.

सुरूबन
मनोरी छान आहे, पण त्या फेरीबोटीत चढउतार आहे आणि रविवारी गर्दी असते. आईंसाठी मी केळव्यावरच ठाम.

खिडकीजवळ
जाऊन आलो!! तीन आठवडे थांबले, षष्ठी रविवारी येईपर्यंत. घरच्यांना वाटलं काही व्रत धरलंय.

दादरहून थेट डहाणू लोकल मिळाली. आईला खिडकी. सफाळ्यापुढे शेतं दिसायला लागल्यावर ती जरा मोकळी झाली, तोवर गप्प होती. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पावणेअकरा. दर्यावर्दी, तुम्ही सांगितलंत तसंच, पाणी पार लांब. आई म्हणाली, "एवढ्या दूर आलो अन् समुद्र उठून गेला का?" मी तिला म्हटलं, येईल, चारला येतो म्हणालाय.

मुलांनी वाळूत खड्डे केले. बारीक खेकडे बिळातून वाळूच्या गोळ्या बाहेर टाकतात ना, त्याची नक्षी ५ वर्षांचा धाकटा अर्धा तास पालथा पडून बघत होता. ठाणेकरीण, तुमच्या सल्ल्याने खोली आधीच बोलून ठेवली होती. जेवणात भात, वालाचं बिरडं, सोलकढी. बिरडं आईला नवीन. तिने त्या ताईंना वाल सोलायची पद्धत विचारली, त्यांनी भिजवलेले वाल आणूनच दाखवले. दोघी तिथेच रमल्या, मला वाटलं समुद्र राहतोय.

साडेतीनला खुर्ची टाकली. पाणी अजून दहा-बारा पावलांवर होतं. आईने साडी घोट्याच्या वर खोचली, चपला पिशवीत घातल्या आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. पहिल्यांदा नुसता फेस आला, बोटांपर्यंत, आणि परत गेला. मग एक लाट घोट्याच्या वर आली. ती मागे जाताना टाचेखालची वाळू निसटते, तेव्हा आईने माझा दंड पकडला, नखं रुतली इतका. "पायाखालून जमीन नेते हे!" दुसऱ्या लाटेला हसली. तिसऱ्या लाटेला खुर्चीचे मागचे पाय वाळूत गेले आणि ती तिरपी झाली, आम्ही धरलं. मग ती उठूनच उभी राहिली. गुडघ्यांचं नावही नाही. तळहातावर पाणी घेऊन जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगायला पायजे होतं."

मला तिथे फार काही बोलता आलं नाही. इथेही येत नाही.

पावणेपाचला मुलांना बाहेर काढलं, रडली, पण काढलं.

दर्यावर्दी
वाचून डोळे भरले. माझ्या आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांना सांग, आपल्या नारळी पौर्णिमेला या. तेव्हा दर्याला नारळ देतो आम्ही. पाण्यात उतरायचं नाही तेव्हा, पावसाळी समुद्र असतो, पण बघायला या.

खिडकीजवळ
नक्की येऊ. आईला सांगितलं, तिने लगेच विचारलं की नारळ इथून न्यायचा की तिथे मिळतो.

सुरूबन
परतीला गाडीत जागा मिळाली का? रविवारी संध्याकाळी तो माझा एकच प्रश्न असतो.

खिडकीजवळ
विरारपर्यंत नाही, पण एका मुलाने उठून आईला जागा दिली. विरारला बदलताना मात्र घाई झाली. पुढच्या वेळी परतीलाही थेट गाडीची वेळ बघूनच निघेन. रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवला होता, ते बरं झालं. सहानंतर किनाऱ्यावर रिक्षेसाठी बरीच माणसं उभी होती.

कुलाबकर
मी येत्या द्वादशीला कुलाबा किल्ल्यात जातोय, वाट कोरडी आहे का ते इथे येऊन लिहितो.